हाडातला नगारा

खरं सांगायचं तर ही गोष्ट लिहायचीच नाही असं ठरलं होतं. सुरू केली, पुसली. परत सुरू केली, परत पुसली. कारण एकच. गोष्ट आहे आवाजाची, आणि कागदाला आवाज नसतो. शेवटी ज्याची गोष्ट त्यालाच विचारलं, तर तो म्हणाला, "लिही की. कागदावर तरी माझा आवाज जाड येईल." म्हटलं, चला, बिचाऱ्याची तेवढी तरी हौस भागू दे.

तर हा बसस्थानकावर घोषणा करायचा. सगळं स्टँड त्याला नगारा म्हणायचं. नाव ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं, आणि त्याला ते एखाद्या पदवीसारखं वाटायचं. काचेच्या केबिनमध्ये बसून त्याने माईकचं बटण दाबलं, की त्याच्या कानात असा काही आवाज घुमायचा की जणू खोल विहिरीत बसून एखादा राजा हुकूम सोडतोय. 'बंदराकडे जाणारी गाडी फलाट चारवर लागत आहे.' वाक्य ते काय, पण म्हणताना त्याची छाती दोन बोटं वर यायची. केबिनची काच चांगली जाड होती. बाहेरच्या कर्ण्यातून नेमकं काय बाहेर पडतं, ते आत कधी आलंच नाही. मोबाईलवर तो बोलून निरोप पाठवायचा, पण आपलाच निरोप आपणच कोण ऐकत बसतं?

एके दिवशी साहेबांनी त्याला बोलावलं. साहेब म्हणजे स्टँडचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक वाक्य अर्धं सोडायची सवय होती आणि उरलेलं अर्धं नेहमी त्रासाचं निघायचं.

"हे बघ, नवीन मशीन आलंय. रोज रोज घसा फोडायला नको. सगळ्या गाड्यांच्या घोषणा एकदाच रेकॉर्ड करायच्या, मग नुसतं बटण दाबायचं."

"आणि बटण कोण दाबणार, साहेब?"

"ज्याचा आवाज, तोच. वरचं ऑफिस म्हणत होतं, तयार आवाज पाठवतो. बाईचा. गोड. मी म्हटलं, थांबा जरा, आमच्याकडे माणूस आहे. सोमवारी सगळ्यांसमोर लावू. पास झालं तर केबिन तुझी. नाही झालं तर..."

"तर?"

"पार्सल खोलीत एक माणूस कमी आहे."

पार्सल खोलीला खिडकी नव्हती. आत पोती, खोकी, एक वजनकाटा आणि धुळीने शिंकणारा एक म्हातारा कारकून. नगाऱ्याने केबिनमध्ये परतून आपल्या फिरत्या खुर्चीकडे बघितलं आणि मनात म्हणाला, पास न व्हायला काय झालंय? आवाज म्हणजे आवाज आहे आपला!

रेकॉर्डिंग करणार होता त्याचा मित्र, वायरमन. स्टँडवरचे दिवे, पंखे, कर्णे सगळे याच्या हाताखाली. शाळेत विज्ञानाचं आणि याचं उभं वैर होतं, पण नंतर व्हिडिओ बघून बघून गडी एवढा शिकला की आता समोरच्याला शिकवल्याशिवाय सोडायचा नाही. दुसरा नाद गाण्याचा. माईक तपासताना लोक 'हॅलो हॅलो' म्हणतात, हा डोळे मिटून दोन कडवी गायचा. पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न होतं आणि त्यात स्टेजवर गायचं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नव्हतं.

त्या दिवशीही आधी त्याची दोन कडवी झाली. मग नगाऱ्याने घसा खाकरला, कॉलर नीट केली, जसं काही माईकला दिसणार होतं, आणि एकामागून एक गाड्या सोडल्या. वायरमनने हेडफोन त्याच्या कानाला लावले आणि मशीन चालू केलं.

नगाऱ्याने थोडं ऐकलं. कपाळाला आठी पडली.

"हा कोण?"

"कोण कोण?"

"हा जो बोलतोय तो. नाकात वाटाणा अडकल्यासारखा."

"तू."

"चेष्टा नको रे, सोमवार जवळ आलाय."

"अरे तूच! आत्ता माझ्यासमोर बोललास ना?"

"मग मशीन बिघडलंय."

मशीन बदललं. वायर बदलली. माईक बदलला. शेवटी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. दरवेळी तोच इसम यायचा, तोच वाटाणा घेऊन. नगाऱ्याला आता घाम फुटला. हेडफोन आणि मशीन काखोटीला मारून तो चौकशीच्या खिडकीवर गेला. तिथल्या ताई सगळ्या स्टँडला ओळखून होत्या.

"ताई, जरा ऐका. हा कोण ते सांगा."

ताईंनी ऐकलं. "हा काय, तू. अगदी डिट्टो."

"नीट ऐका ना!"

"अरे, बारा महिने चोवीस तास हाच ऐकते मी. झोपेतसुद्धा सांगेन."

"मग मला नगारा का म्हणतात?"

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हत्तीएवढ्या माणसाला काडी म्हणतात ना रे, तसं."

घरी जाऊन त्याने बायकोला ऐकवलं. ती भाजी चिरत होती. मान वरही न करता म्हणाली, "आवाज बारीक कर, डोक्यात जातो."

"हा माझा आवाज आहे?"

"मग कुणाचा? याच आवाजाने मागणी घातली होतीस. मला वाटलं, माणूस घाबरलाय, लग्नानंतर उतरेल. नाही उतरला."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"तू बोलायचा थांबलास कधी?"

ती रात्र त्याने गप्प राहून काढली. बायकोने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी वायरमनने त्याला चहाच्या टपरीवर बसवलं. याच्या तोंडावर शिकवायची संधी मिळाल्याचा आनंद लपत नव्हता.

"कानात बोटं घाल. दोन्ही. घट्ट. आता गाडी सोड एखादी."

नगाऱ्याने बोटं घातली आणि भर टपरीवर कारखान्याची गाडी सोडली. चेहरा एकदम उजळला. "हाच! हाच तो! हाच माझा आवाज!"

"ऐक मग. आवाज म्हणजे काय, थरथर. तुझा गळा थरथरतो, तो पुढच्या हवेला ढकलतो, ती तिच्या पुढच्या हवेला. रांगेत मागून धक्का बसला की पुढच्यापर्यंत जातो ना, पण माणसं जागच्या जागीच राहतात? तसं. तो धक्का माझ्या कानाच्या पडद्यावर बसतो, पडदा हलतो, मला ऐकू येतं. ही झाली हवेची वाट. पण तू स्वतः बोलतोस तेव्हा तुझ्या कानाला अजून एक वाट आहे. हाडाची. जबडा थरथरतो, कवटी थरथरते, आणि ती थरथर आतल्या आत थेट कानात. जाड आवाज हाडातून मस्त जातो. म्हणून तुला तू जाड ऐकू येतोस."

"आणि लोकांना?"

"लोकांना तुझी कवटी नाही ना. त्यांना फक्त हवेतला."

दुसरा कुणी असता तर इथे गोष्ट संपली असती. माणूस म्हणाला असता, बरं, असेल आपला आवाज पातळ, काय करणार. पण नगारा चहाच्या ग्लासात बघत बसला, आणि जेव्हा त्याने मान वर केली तेव्हा डोळ्यांत वेगळीच चमक होती.

"म्हणजे लोकांना अर्धाच ऐकू जातो."

"म्हणजे... तसं म्हणता येईल."

"दोन वाटांनी येतो तो पूर्ण. एका वाटेने येतो तो अर्धा. म्हणजे माझं मलाच काय ते खरं ऐकू येत होतं! इतकी वर्षं या जनतेला मी अर्धा आवाज देतोय. फसवणूक झाली ना ही?"

"अरे पण..."

"पण नाही. सोमवारी पूर्ण द्यायचा. हाडातला."

वायरमनने पुष्कळ समजावलं. पण त्याच्याही मनात किडा वळवळायला लागला होता. त्याच्याकडे तंतुवाद्याला चिकटवतात तसला एक छोटा चपटा माईक पडून होता, जो हवेतलं काही ऐकत नाही, ज्याला चिकटवाल त्याचीच थरथर घेतो. वाद्याच्या जागी नगारा. बघायला काय हरकत आहे?

तो माईक त्यांनी नगाऱ्याच्या जबड्याला लावला. राहीना, म्हणून हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली, वर गाठ मारली. दिसायला असा दिसत होता की आता फक्त रडणारी माणसं यायची बाकी होती.

पहिलं रेकॉर्डिंग निघालं ते भलतंच. नगाऱ्याने गिळलेली थुंकी अशी वाजत होती की मोरीत बादली ओतावी. दातावर दात आपटला की दार लावल्यासारखा धाड. पण त्या सगळ्याच्या खाली, लांब, जाड, घुमणारा तो राजा होता. विहिरीतला. नगाऱ्याचे डोळे भरून आले.

"जवळ आलो आपण. अजून जाड कर."

"अजून?"

"अजून. थोडं वजन कमी पडतंय."

आता पंचाईत अशी, की तो आवाज जगात फक्त एकाच माणसाने ऐकलेला. परीक्षा देणारा तोच, पेपर तपासणारा तोच. वायरमन मशीनवरच्या बटणांचे कान पिळत राहिला, नगारा मान हलवत राहिला. "नाही. हा माझा काका वाटतो. मी नाही." शुक्रवार गेला, शनिवार गेला. पट्टी सोडायची आणि बांधायची इतक्या वेळा झाली की नगारा ती बांधूनच चहाला जायला लागला.

स्टँडवर बातमी पसरायला किती वेळ लागतो? चौकशीच्या खिडकीवर ती 'दाढ काढली' अशी होती. ड्रायव्हरांच्या बाकापर्यंत जाईस्तोवर 'जबडा तुटला' झाली. तिथून 'बायकोने मारलं' व्हायला फार अंतर नव्हतं. संध्याकाळी साहेब स्वतः केबिनशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "घरगुती गोष्टीत मी पडत नाही. पण काही लागलं तर..." आणि नेहमीप्रमाणे अर्ध्यावर सोडून निघून गेले.

रविवारी शेवटी तो आवाज सापडला. नगाऱ्याने डोळे मिटून ऐकला आणि म्हणाला, "हा मी."

वायरमनने कान खाजवला. "एक सांगू? मला यातलं काही कळत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे आवाज जबरदस्त आहे. पण गाडी कुठली ते कळत नाही. अरे, बोलण्यातला अर्थ असतो तो पातळ भागात. स, त, क, च, ही सगळी पातळ मंडळी. ती हाडात येतच नाहीत. उरलंय ते नुसतं घुं घुं. आणि आपले कर्णे! त्यांना जाड आवाज झेपत नाही रे."

"तुला जळफळाट होतोय."

"मला? माझा स्वतःचा आवाज काय कमी आहे? लग्नात बघच तू." वायरमन दुखावला. "लाव मग तुला हवं ते. साध्या माईकवरचं पहिलं रेकॉर्डिंग मात्र मी पुसणार नाही."

सोमवार उजाडला. नगाऱ्याने ठेवणीतला शर्ट घातला होता. आता इथे या स्टँडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घोषणा ही नुसती प्रवाशांसाठी नसायची. गाडीचं नाव कर्ण्यावर आलं की ड्रायव्हरने इंजिन चालू करायचं, आणि नाव दुसऱ्यांदा आलं की गाडी फलाटावरून मागे घ्यायची. घड्याळ कुणी बघायचं नाही. सगळा कारभार नगाऱ्याच्या तोंडावर.

वरच्या ऑफिसचे एक पाहुणे आले होते. ते साहेबांच्या खोलीत चहा घेत होते. साहेबांनी केबिनकडे बघून हात वर केला. नगाऱ्याने बटण दाबलं.

जे बाहेर पडलं त्याला घोषणा म्हणणं म्हणजे म्हशीच्या रवंथाला भाषण म्हणणं. घुंऽऽ घुघुंऽऽ गुळुक. घुंऽऽ धाड. छतावरची कबुतरं एकदम उडाली. पत्रे थरथरायला लागले. एक आजोबा पायाखालची जमीन हलतेय म्हणून पिशवी छातीशी धरून बाकावर चढले.

काचेच्या आत नगाऱ्याने हेडफोन लावले होते. त्याला तो राजाच ऐकू येत होता.

बाहेर ड्रायव्हरांनी एकमेकांकडे बघितलं. बंदराच्या ड्रायव्हरला वाटलं, आपलीच गाडी असणार, वेळ तर झालीच आहे. कारखान्याच्या ड्रायव्हरलाही तसंच वाटलं. डोंगराकडच्या ड्रायव्हरला तर नेहमीच सगळं आपल्याबद्दल आहे असं वाटायचं. फलाटावरची झाडून सगळी इंजिनं चालू झाली. आता इंजिनाची घरघर आणि नगाऱ्याचा आवाज एकाच भावकीतले. एकमेकांत असे मिसळले की कोण कुठला कळेना. वायरमनला वाटलं, आवाज कमी पडतोय. त्याने वाढवला.

घोषणा दुसऱ्यांदा झाली. सगळ्या गाड्या एकदम मागे निघाल्या.

साहेबांना हे काहीच दिसलं नाही. कारण शब्द काही केल्या कळेनात, म्हणून ते मैदानाच्या मधोमध, कर्ण्याच्या खांबाखाली जाऊन उभे राहिले होते. मान वर, कानामागे हात, डोळे मिटलेले. एकेक अक्षर पकडायचा प्रयत्न चालला होता. त्यांच्या पाठीमागून डोंगराची गाडी आरामात मागे येत होती. कंडक्टर शिट्टी मारायच्या ऐवजी प्रवाशांना 'कुठली गाडी' ते समजावत होता. मागून येणाऱ्या इंजिनाचा आवाज साहेबांना वेगळा ऐकू येणं शक्यच नव्हतं. नगाऱ्याने सगळं जाड जाड व्यापून टाकलं होतं.

नगाऱ्याने काचेतून ते बघितलं.

हेडफोन फेकले. खिडकी उघडली. कंबरेपर्यंत बाहेर झुकला आणि ओरडला,

"थांबाऽऽऽ!"

काय सांगावं! तो आवाज सुईसारखा निघाला. घुं घुं फाडून, इंजिनं फाडून, पत्र्याला लागून परत आला आणि दुसऱ्यांदा टोचला. सगळ्या ड्रायव्हरांचे पाय एकदम ब्रेकवर पडले. डोंगराची गाडी साहेबांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबली. बाकावर चढलेले आजोबा खाली बसले. समोरच्या दुकानात पाळण्यात झोपलेलं मूल उठलं आणि त्याने त्याच सुरात उत्तर दिलं.

साहेबांनी मागे वळून गाडी बघितली. मग वर बघून नगारा बघितला. ते तडक केबिनखाली आले. नगाऱ्याने मनातल्या मनात पार्सल खोलीतला वजनकाटा बघून घेतला.

"हा," साहेब धापा टाकत म्हणाले, "हा आवाज कुणाचा होता?"

"माझा, साहेब. चुकून निघाला."

"मला वाटलं पोलिसाची शिट्टी! अरे, मेलेला माणूस उठून बसेल असा आवाज आहे तुझा. आणि मघाशी ते काय लावलं होतंस? म्हशी गाभण आहेत का कुठल्या?"

"ते... मशीन बिघडलं होतं, साहेब."

"हाच आवाज पाहिजे. हाच. नाहीतर..." साहेबांनी अर्धवट सोडलं, पण या वेळी उरलेलं अर्धं बरं होतं. पाहुणे खिडकीतून मान हलवत होते.

वायरमनने पहिलं रेकॉर्डिंग काढून लावलं, वाटाण्यासकट. संध्याकाळपर्यंत सगळ्या गाड्या वेळेवर सुटत होत्या. "कळलं का आता?" वायरमन म्हणाला. "माणसाचा कान या पातळ सुरांच्या पट्टीतच सगळ्यात जास्त जागरूक असतो. मुलाचं रडणं तिथलं, शिट्टी तिथली, तू तिथला. देणगी आहे रे ही."

केबिन नगाऱ्याची राहिली. फिरती खुर्चीसुद्धा. पण माणसाने जे मागितलं तेच मिळावं याच्यासारखी शिक्षा नाही. आता साहेबांच्या सांगण्यावरून केबिनमध्येही एक छोटा कर्णा बसवला होता, घोषणा बरोबर जाते की नाही ते कळायला. दिवसभर नगारा बटण दाबायचा, आणि दिवसभर तो वाटाणेवाला त्याच्या डोक्यावर बसून गाड्या सोडायचा.

एका दुपारी वायरमन केबिनमध्ये शिरला तर नगारा खुर्चीत डोळे मिटून बसलेला. दोन्ही कानांत बोटं. कर्ण्यावरून बंदराची गाडी लागत होती आणि हा ओठ हलवून तिच्याबरोबर शब्दाला शब्द बोलत होता. चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही विहिरीतला राजा घरी परत आलाय.

वायरमन पोट धरून हसला. "अरे वेड्या! अजून आहेच का ते खूळ? माणसाने आपला आवाज आहे तसा स्वीकारावा."

नगाऱ्याने बोटं काढली. मशीनवर एक जुनं रेकॉर्डिंग शोधलं, बटण दाबलं. केबिनमध्ये कुणीतरी गायला लागलं. सूर होता, पण तो पायऱ्या चुकवत जिना उतरत होता, आणि आवाज असा की पत्र्याच्या डब्यात मांजर कोंडलंय.

वायरमनचं हसू थांबलं. त्याने कान टवकारले.

"हा कोण?" तो म्हणाला.

नगाऱ्याने आवाज थोडा वाढवला. वायरमनने सगळं शास्त्र पाठ केलं होतं, पण त्या शास्त्राच्या कचाट्यात आपणही येतो, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उजाडत गेली. पहिल्या दिवसाची माईक तपासणी. ती दोन कडवी. मग बहिणीचं लग्न. मग स्टेज. मग सगळी पाहुणेमंडळी.

"मशीन बिघडलंय," तो कसाबसा म्हणाला.

"असेल," नगारा म्हणाला आणि त्याच्यादेखत ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

वायरमन स्टुलावर बसला. "मी सगळ्यांना सांगून बसलोय रे. आता नाही गायलो तर बहिणीला वाईट वाटेल. आणि गायलो तर..." साहेबांसारखं त्यानेही अर्धवट सोडलं.

नगाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गा तू. मी पहिल्या रांगेत बसेन. आणि शब्द देतो तुला, कानात बोटं घालणार नाही."